मॉक ९८ वर अडकलाय? आधी कोरे सोडलेले १६ प्रश्न बघ

पत्र: मी परभणीची. गेल्या वर्षी बारावी सायन्स झालं. बोर्डात ७१ टक्के मिळाले, एमएचटी-सीईटीला (राज्याची इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षा) पीसीएम म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स गटात ८४ पर्सेंटाइल. नांदेडच्या एसजीजीएस इंजिनिअरिंग कॉलेजला कॉम्प्युटर नाहीतर इलेक्ट्रॉनिक्स हवं होतं, ते लागलं नाही म्हणून ड्रॉप घेतला. घरीच जेईई आणि सीईटीची एकत्र ऑनलाइन बॅच करतेय. रोज दहा-अकरा तास बसते, सगळी लेक्चर्स पुन्हा बघून झाली, पण डिसेंबर उजाडला तरी मॉक टेस्ट (सराव परीक्षा) २०० पैकी ९५ ते १०० च्या वर जात नाही. परवाचा मॉक: फिजिक्स ५० पैकी ४४ सोडवले, २७ बरोबर. केमिस्ट्री ४८ सोडवले, ३३ बरोबर. मॅथ्स ३४ सोडवले, १९ बरोबर. एकूण ९८. केमिस्ट्री पाठांतराची म्हणून शेवटी करायची ठरवलीय. अकरावी पूर्ण सोडलीय. आता परीक्षा दोनदा होणार म्हणतात, तर पहिली नुसती देऊन बघावी का? बाबा म्हणतात, नाहीच जमलं तर मॅनेजमेंट कोट्यातून घेऊ. मला ते नकोय. काय करू?

सल्ला:

तू आकडे दिलेस ते बरं केलंस. नुसतं 'अभ्यास करूनही मार्क पडत नाहीत' असं लिहिलं असतंस तर उत्तर द्यायला काही हाती लागलं नसतं. तुझ्या आकड्यांतून मात्र एक गोष्ट स्वच्छ दिसते. अभ्यासाचे तास आणखी वाढवून तुझे मार्क वाढणार नाहीत. तू सीईटीचा पेपर जेईईच्या सवयीनं सोडवतेयस, आणि गळती तिथे आहे.

हिशेब करून बघ. मॅथ्सचे ५० प्रश्न, ९० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला १ मिनिट ४८ सेकंद. तू तेवढ्या वेळात ३४ सोडवलेस, म्हणजे एकेकाला सरासरी २ मिनिटं ३९ सेकंद. जेईई मेनला ७५ प्रश्नांना १८० मिनिटं असतात, प्रश्नामागे २ मिनिटं २४ सेकंद. तुझा हात त्या चालीला बसलाय. पेपर एकमध्ये तर फिजिक्स आणि केमिस्ट्री मिळून १०० प्रश्न, वेळ तीच ९० मिनिटं. प्रश्नाला ५४ सेकंद. त्या वेळात पूर्ण उदाहरण पायऱ्यांनी मांडून सोडवणं होतच नाही, आणि पेपर काढणाऱ्यांचीही तशी अपेक्षा नसते.

दुसरी सवय याहून महाग पडतेय. मॅथ्समध्ये तू १६ प्रश्न कोरे सोडलेस. जेईईला चुकलं की एक मार्क कापतात, तिथे कोरं सोडणं शहाणपणाचं असतं. सीईटीत निगेटिव्ह मार्किंग नाही. मॅथ्सचा प्रत्येक प्रश्न २ मार्कांचा, म्हणजे तू ३२ मार्कांना हातच लावला नाहीस. डोळे मिटून पर्याय टिचकवले असतेस तरी चारात एक या हिशेबानं सरासरी चारेक बरोबर, म्हणजे ८ मार्क. फिजिक्सचे ६ आणि केमिस्ट्रीचे २ कोरे धरले तर आणखी साधारण २. प्रत्येक वेळी नेमके १० येतील असं नाही, कधी ४ येतील, कधी १४. पण ते फुकटचे आहेत. पुढच्या मॉकपासून एकही प्रश्न कोरा राहता कामा नये, हा नियम आजपासूनच. पर्याय निवडून 'सेव्ह अँड नेक्स्ट' दाबल्याशिवाय उत्तर नोंदलं जात नाही, हेही हाताला आत्ताच लावून घे. शेवटच्या मिनिटात घाईनं नुसते गोल निवडत जाणाऱ्यांचं नेमकं हेच राहून जातं.

आता मॅथ्सची ९० मिनिटं कशी वापरायची ते. पहिल्या फेरीला ४० मिनिटं. एक ते पन्नास सगळे प्रश्न वाचायचे आणि ज्याची रीत १५-२० सेकंदांत डोळ्यासमोर येते तोच सोडवायचा. बाकीच्यांना 'मार्क फॉर रिव्ह्यू' लावून पुढे. या फेरीत वीस-बावीस प्रश्न व्हायला हवेत. दुसऱ्या फेरीला ३५ मिनिटं, रीत माहीत आहे पण आकडेमोड लांब आहे अशांसाठी. तिसरीला १२ मिनिटं: इथे पर्यायांकडून उलटं यायचं, किंमत घालून बघायची, जमतील तेवढे पर्याय खोडायचे. एक पर्याय खोडला तरी संधी चारात एकवरून तीनात एक होते. उरलेल्या ३ मिनिटांत सगळे कोरे भरून टाकायचे. पहिल्या फेरीत सगळ्यांचंच एक चुकतं: सातवा-आठवा प्रश्न 'येतोय येतोय' म्हणत पाच मिनिटं खातो आणि चाळिसाव्या प्रश्नापलीकडचे सोपे प्रश्न बघायचेच राहतात. प्रश्न सोप्याकडून अवघडाकडे लावलेले नसतात.

पेपर एकला केमिस्ट्रीपासून सुरुवात कर. ३५ मिनिटांत केमिस्ट्री, ५० मिनिटं फिजिक्सला, ५ मिनिटं कोरे भरायला. ती ९० मिनिटं संपली की पेपर आपोआप जमा होतो आणि मॅथ्स उघडतं. मागे फिरता येत नाही.

वेगाचं म्हणशील तर तो नुसती आकडेमोड भराभर करून येत नाही. कोणती आकडेमोड करायचीच नाही हे कळल्यानं येतो. दोन उदाहरणं सांगतो. केमिकल कायनेटिक्समध्ये फर्स्ट ऑर्डर रिअॅक्शन ९९.९ टक्के पूर्ण व्हायला लागणारा वेळ विचारतात. तुझ्या बॅचमध्ये २.३०३ भागिले के गुणिले लॉग १००० असं शिकवलं असेल. बरोबरच आहे, पण मिनिट जातं. ९९.९ टक्के संपलं म्हणजे हजारातला एक भाग उरला. दोनाचा दहावा घात १०२४. म्हणजे साधारण १० हाफ-लाइफ (निम्मा पदार्थ संपायला लागणारा वेळ). पाच सेकंदांत उत्तर. ७५ टक्के असेल तर २ हाफ-लाइफ, ८७.५ असेल तर ३. दुसरं मॅथ्समधलं, पेअर ऑफ स्ट्रेट लाइन्सचं: समघाती समीकरणातल्या (एक्स² चा गुणक ए, एक्सवायचा २ एच, वाय² चा बी) दोन रेषांपैकी एकीचा चढ दुसरीच्या तिप्पट, तर अट कोणती? दरवेळी चढांची बेरीज आणि गुणाकार मांडत बसू नकोस. चढ के पट असेल तर ४ के एच² = एबी (१ + के)² हे एकदा स्वतः सिद्ध करून वहीत ठेव. के = ३ घातलं की ३ एच² = ४ एबी. दुप्पट विचारलं, पाचपट विचारलं, तेच सूत्र. अशी चाळीस-पन्नास सूत्रं प्रत्येक विषयात निघतात. ती दुसऱ्याच्या पीडीएफमधून उचललेली नकोत, स्वतः सोडवताना सापडलेली हवीत. उचललेलं सूत्र परीक्षेत के वर आहे की खाली एवढ्यावरच अडतं.

फिजिक्समध्ये गुणोत्तराचे प्रश्न ओळखायला शीक. तारेतला ताण चौपट केला तर वारंवारिता किती पट, लंबकाची लांबी २ टक्के वाढली तर आवर्तकाल किती टक्के वाढेल, असं विचारलं की किमती घालायच्याच नाहीत. वर्गमूळ दिसलं की ताण चौपट म्हणजे वारंवारिता दुप्पट, आणि २ टक्क्यांचं निम्मं १ टक्का. कॅल्क्युलेटर मिळत नाही, त्यामुळे दोन ते तीसपर्यंतचे वर्ग, २, ३, ५ ची वर्गमुळं आणि लॉग २, लॉग ३ च्या किमती पाठ हव्यात. कंटाळवाणं काम आहे. जेवणानंतरची दहा मिनिटं त्याला दे, दोन आठवड्यांत संपेल.

आता चुकलेल्या प्रश्नांकडे. मॅथ्समध्ये तू ३४ पैकी १५ चुकवलेस. हे ३० मार्क आहेत, जवळपास कोऱ्या सोडलेल्यांइतकेच. पण ते 'चुकले' एवढंच तुला माहीत आहे. का चुकले ते कुठेही लिहिलेलं नाही, हे मी पैजेवर सांगतो. एक दोनशे पानी वही घे. प्रत्येक मॉकनंतर प्रत्येक चुकलेल्या आणि अंदाजानं भरलेल्या प्रश्नाची एक ओळ: धडा, प्रश्न कशाचा, आणि पाचपैकी एक कारण. संकल्पनाच माहीत नव्हती. सूत्र आठवलं नाही. आकडेमोडीत घसरले. प्रश्न नीट वाचला नाही. वेळ संपला. अंदाजानं बरोबर आलेलाही यात धरायचा, कारण तो तुला येत नाही. 'सिली मिस्टेक' असा रकाना ठेवू नकोस. त्या नावाखाली सगळं ढकललं जातं आणि पुढच्या आठवड्यात तीच चूक परत येते. 'नॉट' शब्द वाचला नाही, उणे चिन्ह कंसाबाहेर काढताना पडलं, डिग्री आणि रेडियनचा घोळ केला, असं नेमकं लिही.

तीन मॉक झाले की वहीच सांगेल काय करायचं. संकल्पना माहीत नाही असे प्रश्न ज्या धड्यांत जास्त, फक्त त्याच धड्यांची लेक्चर्स बघायची. बाकी लेक्चर्स आता बंद. तिसऱ्यांदा तेच लेक्चर बघताना सगळं समजतंय असं वाटतं, कारण सोडवणारा समोरचा असतो. दहा तासांतले किती तास तुझ्या हातात पेन असतं ते दोन दिवस मोजून बघ. सात तास पुरतात, पण त्यातले पाच तरी घड्याळ लावून प्रश्न सोडवण्यात गेले पाहिजेत.

केमिस्ट्री शेवटी ठेवणं ही तुझ्या नियोजनातली सगळ्यात मोठी चूक. कमी कष्टात मार्क देणारा विषय तोच, आणि शेवटच्या तीन आठवड्यांत केलेलं पाठांतर टिकत नाही. बारावीचे १६ धडे आहेत. आजपासून रोज दीड तास, बालभारतीचं पुस्तक हातात घेऊन. क्लासच्या नोट्स नाहीत, पुस्तकच. सीईटी राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर आहे आणि केमिस्ट्रीचे कितीतरी प्रश्न पुस्तकातल्या ओळीवरून, तक्त्यावरून किंवा चौकटीतल्या मजकुरावरून थेट येतात. बायोमॉलिक्यूल्स, पॉलिमर केमिस्ट्री आणि ग्रीन व नॅनोकेमिस्ट्री हे शेवटचे तीन धडे बहुतेक मुलं वरवर वाचतात. नायलॉन ६ कॅप्रोलॅक्टमपासून आणि नायलॉन ६,६ हेक्झामेथिलीन डायअमाइन व अॅडिपिक अॅसिडपासून, एवढं माहीत असलं की प्रश्न दहा सेकंदांचा. माहीत नसलं तर तासभर विचार करूनही सुटणार नाही. ऑरगॅनिकमधल्या नावाच्या रिअॅक्शन्स एका मोठ्या कागदावर लिहून भिंतीला लाव: सुरुवातीचा पदार्थ, रीएजंट, शेवटचा पदार्थ. ३३ वरून ४२ वर जायला केमिस्ट्रीत नवं काही समजून घ्यायचं नाही, विसरायचं थांबवायचं आहे.

अकरावी पूर्ण सोडलीस ते मागे घे. अकरावीचा वाटा सुमारे २० टक्के, म्हणजे प्रत्येक विषयात १० प्रश्न; २०० पैकी ४० मार्क. आणि अख्खी अकरावी नाही, ठरावीक धडेच. फिजिक्सचे आठ आहेत: मोशन इन अ प्लेन, लॉज ऑफ मोशन, ग्रॅव्हिटेशन, थर्मल प्रॉपर्टीज, साउंड, ऑप्टिक्स, इलेक्ट्रोस्टॅटिक्स, सेमिकंडक्टर्स. यातले शेवटचे दोन बारावीतही पुढे चालू असल्यानं अर्धे तयारच असतात. तिन्ही विषयांची यादी परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलच्या संकेतस्थळावर असते, ती छापून घे आणि यादीबाहेरचा धडा उघडू नकोस. एकत्र बॅचमध्ये शिकवतात ते सगळं सीईटीला लागत नाही, आणि सीईटीला लागणारं सगळं तिथे शिकवत नाहीत. मॅथेमॅटिकल लॉजिक हा बारावीच्या मॅथ्सचा पहिला धडा; जेईईवाले त्याला हात लावत नाहीत, सीईटीत तो हमखास मार्कांचा आहे.

मॅथ्सचा क्रमही त्यावरूनच ठरव. पहिले चार-पाच आठवडे छोटे आणि ठरलेल्या रीतीचे धडे: लॉजिक, मॅट्रायसेस, पेअर ऑफ लाइन्स, लिनिअर प्रोग्रॅमिंग, प्रॉबॅबिलिटी आणि बायनॉमियल डिस्ट्रिब्यूशन, मग व्हेक्टर्स आणि लाइन अँड प्लेन. पहिल्या फेरीतले वीस-बावीस प्रश्न इथून निघतात. त्यानंतर डिफरन्सिएशन, त्याचे उपयोग, इंटिग्रेशन, डिफरन्शियल इक्वेशन्स. कॅल्क्युलसचा वाटा पेपरात सगळ्यात मोठा असतो, म्हणून त्याला जानेवारी अखेर ते मार्चचा मध्य असा सलग वेळ दे. डेफिनिट इंटिग्रलला गुणधर्म आधी, इंटिग्रेशन नंतर: मर्यादा ० ते पाय भागिले २, वर साइन, खाली साइन अधिक कॉस, असं दिसलं की उत्तर पाय भागिले ४, पेन उचलायचंही कारण नाही. इनडेफिनिट इंटिग्रेशनमध्ये मात्र पर्यायांचं डिफरन्सिएशन करून बघण्याचा मोह टाळ. चार पर्यायांचं करेपर्यंत दोन प्रश्न जातात. मॅथ्सचा पेपर फक्त इंग्रजीत असतो, फिजिक्स-केमिस्ट्री मराठीतही घेता येतं; पण तू दोन वर्षं इंग्रजी पुस्तक वापरलंयस, तर माध्यम बदलू नकोस.

मॉक फेब्रुवारीपर्यंत आठवड्याला एक, मार्चमध्ये दोन, शेवटचे तीन आठवडे तीन. संगणकावर, सलग तीन तास, पाणी प्यायलाही न उठता. मोबाइलवर दिलेला मॉक धरू नकोस. कागदावरच्या रफ कामाकडून पडद्याकडे नजर नेण्या-आणण्यातच आकडे चुकतात, तो सराव मोबाइलवर होत नाही. एका मॉकमागे वहीचं काम तीन तास. ते होत नसेल तर मॉक कमी कर, वही नको. गेल्या वर्षीची तुझी स्वतःची रिस्पॉन्स शीट (तू दिलेल्या उत्तरांची प्रत) जपून ठेवली असशील तर पहिलं पोस्टमॉर्टेम तिचं कर. खरा पेपर, खरी उत्तरं, खरा ताण.

मार्च अखेरचं लक्ष्य असं ठेव: केमिस्ट्री ४२, फिजिक्स ३६, मॅथ्सचे ३३ बरोबर, म्हणजे ६६. बेरीज १४४. यातून नेमका किती पर्सेंटाइल येईल ते विचारू नकोस, आणि यूट्यूबवरचे 'इतके मार्क म्हणजे इतका पर्सेंटाइल' हे तक्तेही बघू नकोस. पर्सेंटाइल त्या-त्या सत्रात बसलेल्यांच्या तुलनेत निघतो. तुझ्या सत्रातले किती टक्के तुझ्याइतके किंवा तुझ्यापेक्षा कमी मार्कांवर आहेत, एवढाच त्याचा अर्थ. सत्र अवघड गेलं तर सगळ्यांचंच खाली येतं, म्हणून पेपर अवघड वाटला की हातपाय गाळायचं कारण नाही. शिवाय एकूण पर्सेंटाइल तीन विषयांच्या पर्सेंटाइलची सरासरी नसतो, तो २०० पैकी एकूण मार्कांवर काढतात. तुझ्या जमेची बाब ही की ८४ च्या आसपास गर्दी दाट आहे. तिथे पाच-दहा मार्कांनी बरीच माणसं मागे पडतात. पुण्याच्या सीओईपी किंवा मुंबईच्या व्हीजेटीआयचं कॉम्प्युटर खुल्या गटात ९९ च्या पुढच्या दशांशांवर ठरतं, तिथे एकेक मार्क रक्त आटवून मिळतो. तू तिथे नाहीस, आणि तुला तिथे जायचंही नाही.

दोन परीक्षांबद्दल. २०२६ पासून पीसीएम आणि पीसीबी गटाची सीईटी एप्रिल आणि मे अशी दोनदा घ्यायचं सरकारनं जाहीर केलं, आणि दोन्हींतला चांगला पर्सेंटाइल धरायचा. दोन्हींचे अर्ज भर. पण एप्रिलची 'देऊन बघू' म्हणून देऊ नकोस. मधल्या काही आठवड्यांत नवा धडा तयार होत नाही, फक्त सवयी दुरुस्त होतात. तयारी पूर्ण एप्रिलची कर; मे महिना ताप आला, वीज गेली, पेपर हातातून निसटला, यासाठी राखीव. तुला आणखी एक फायदा आहे: फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावीची मुलं बोर्डाचे पेपर लिहीत असतील, तू नाही. बोर्डाचे मार्क पात्रतेपुरतेच लागतात, खुल्या गटाला पीसीएममध्ये ४५ टक्के, राखीवला ४०. ७१ टक्क्यांची चिंता सोड आणि इम्प्रूव्हमेंटला बसायच्या भानगडीत पडू नकोस.

बाबांना एक गोष्ट कागदावर दाखव. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश कॅपमधून, म्हणजे केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्याच्या जागेला ते लागू नाही. तुम्ही त्यात बसत असाल तर त्या कोट्याची किंमत फीच्या आकड्यापुरती राहत नाही, चार वर्षांची माफीही जाते.

आणि कट-ऑफ बघताना चुकीचा रकाना बघू नकोस. यादीत 'जीओपनएच' म्हणजे खुला सर्वसाधारण, होम युनिव्हर्सिटी. 'एलओपनएच' म्हणजे तोच, पण मुलींसाठी राखीव. शेवटी 'ओ' असेल तर बाहेरच्या विद्यापीठाचे विद्यार्थी, 'एस' असेल तर राज्यस्तर. मुलींचा कट-ऑफ पुष्कळदा काही अंशांनी खाली असतो आणि मुली सर्वसाधारण रकाना बघून आधीच हाय खातात. टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या, जागांचा चॉइस कोड वेगळा असतो, तो ऑप्शन फॉर्ममध्ये स्वतंत्र भरावा लागतो. २०२५ च्या प्रवेशात पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसरीत पहिल्या तीनांतला आणि तिसरीत पहिल्या सहांतला कोणताही लागला तर तो घ्यावाच लागत होता. म्हणजे खरंच हवं ते वर लिहायचं. 'हे तर मिळेलच' म्हणून नको असलेलं कॉलेज पहिल्या सहांत घातलंस तर तेच गळ्यात पडेल. यंदाचे नियम माहितीपुस्तिकेत वाचून घे.

कागदपत्रांचं काम बाबांवर सोपव, जानेवारीतच. नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र लागत असेल तर गेल्या वर्षीचं चालेलच असं धरू नकोस, त्यावर ३१ मार्चची मुदत असते, ती कोणत्या वर्षाची ते बघायचं. मुदत संपत असेल तर एप्रिलनंतर नवं काढायचं, म्हणून उत्पन्नाचे पुरावे तयार ठेवायचे. जात वैधता प्रमाणपत्र लागत असेल आणि ते नसेल तर तो अर्ज आजच.